मराठी शिकवण्यासाठी मराठी यावी लागते का?

दरवर्षी पदवी परीक्षेचे अर्ज भरून झाले, की तृतीय वर्ष कला आणि एम.ए.च्या वर्गांतील विद्यार्थी आमच्याकडे एक ठराविक शंका घेऊन येऊ लागतात. शंका अशी असते : "बी.एड.ला मेथड कोणती मिळेल?" या प्रश्नातील 'मिळेल' हे क्रियापद आम्हांला गेली काही वर्षे खटकत आले आहे. कोणती घ्यावी, कोणती आपल्याला झेपेल, कोणत्या विषयात आपले मन आहे, हे कोणी विचारत नाही. आपण कोणता विषय शिकवणार हे आपल्या हातात नाही, ते कोणीतरी यादीत वाटून देणार आहे, अशी विद्यार्थ्यांची समजूत झालेली दिसते. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे, असे म्हणण्याची सोय व्यवस्थेने ठेवलेली नाही. म्हणून बी.एड.च्या प्रवेशाची पात्रता आणि त्यातील विषयांची निवड या वरवर कारकुनी वाटणाऱ्या गोष्टींविषयी साहित्याच्या व्यासपीठावर चार शब्द लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते.

आम्ही मालाडमध्ये मराठी शिकवतो. आमच्या वर्गात कुरार गावातून, मालवणीच्या वसाहतींतून, मढ-मार्व्याच्या कोळीवाड्यांतून मुले येतात. त्यांतील पुष्कळजण घरातले पहिलेच पदवीधर. मराठी विषय घेऊन बी.ए. किंवा एम.ए. झालेल्या अशा मुलामुलींपुढे अध्यापनाचे दोन रस्ते असतात. एक नेट किंवा सेट उत्तीर्ण होऊन वरिष्ठ महाविद्यालयाकडे जातो आणि तेथे पदभरतीची वाट पाहण्यात तरुणपण सरते. दुसरा रस्ता बी.एड.चा. शाळेत शिकवायचे तर तो हवाच, आणि कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे तरी एम.ए.च्या जोडीला तो हवाच. तेव्हा उपनगरातल्या मराठी विभागांना बी.एड.च्या दाराशी काही देणेघेणे नाही, असे म्हणता येत नाही. आमच्या वर्गातून बाहेर पडलेली मुले त्याच दारातून जाणार असतात, आणि दहा-पंधरा वर्षांनी आमच्या वर्गात येणारी मुले कोणाच्या हाताखाली मराठी शिकून येतील, हेही तेथेच ठरत असते.

प्रथम नियम काय आहेत ते पाहू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि २०१५-१६ पासून ती रचना अमलात आली. विज्ञान, समाजशास्त्रे, मानव्यविद्या किंवा वाणिज्य यांतील पदवी अथवा पदव्युत्तर पदवी किमान ५० टक्के गुणांनी मिळवलेली असावी. विज्ञान-गणिताच्या विशेष अभ्यासासह अभियांत्रिकीची पदवी असेल, तर ५५ टक्के. राखीव प्रवर्गांना सवलत. महाराष्ट्रात यापुढची पायरी सामाईक प्रवेश परीक्षेची, अर्थात सीईटीची. राज्याचा सीईटी कक्ष ती घेतो. तिचे गुण शंभर : बौद्धिक क्षमतेला ४०, सामान्य ज्ञानाला ३० आणि शिक्षकी कलाला ३०. सगळे प्रश्न बहुपर्यायी. ज्यांना इंग्रजी माध्यमाच्या अध्यापक महाविद्यालयात जायचे आहे, त्यांच्यासाठी याखेरीज ५० गुणांची एक वेगळी चाचणी असते. तिचे नाव इंग्रजी भाषा आशय चाचणी, म्हणजेच ईएलसीटी.

आता या आराखड्यात काय नाही ते पाहावे. ज्याला मराठी शिकवायची आहे, त्याला मराठी येते का, हे कोठेही विचारलेले नाही. आकृत्यांच्या मालिकेत पुढची आकृती कोणती, हे त्याला सांगावे लागते. देशातील कोणते पारितोषिक कोणत्या क्षेत्रासाठी, हे सांगावे लागते. वर्गात मुलगा खोड्या करू लागला तर चार पर्यायांपैकी काय करावे, हेही सांगावे लागते. एक कविता वाचून तिच्याविषयी दहा ओळी लिहून दाखव, असे मात्र त्याला कोणी म्हणत नाही. मराठी माध्यमाच्या अध्यापक महाविद्यालयात जाणाऱ्या उमेदवाराची मराठी गृहीत धरलेली आहे, आणि इंग्रजी माध्यमात जाणाऱ्याची इंग्रजी मात्र तपासून घेतलेली आहे.

येथे एक उत्तर ताबडतोब येईल, आणि ते दुर्लक्षून चालणार नाही. 'विषयाचे ज्ञान पदवीनेच सिद्ध झाले आहे. त्याची पुन्हा परीक्षा कशाला?' असे ते उत्तर. ते पूर्ण पटले असते, तर इंग्रजीच्या बाबतीतही पटायला हवे होते. इंग्रजी माध्यमातून बी.ए. झालेल्या, इंग्रजी वाङ्मयात एम.ए. केलेल्या उमेदवारालाही ईएलसीटीच्या कक्षात बसावे लागते, ते कशासाठी? पदवीचे प्रमाणपत्र आणि भाषेवरचे प्रभुत्व यांत अंतर असू शकते, हे व्यवस्थेला ठाऊक आहे, म्हणूनच ना? मग ते अंतर मराठीच्या बाबतीत नसते, असे कोणत्या अनुभवावरून ठरले? आमचा अनुभव तर वेगळा आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. साठ-पासष्ट टक्के मिळवून मराठीची पदवी घेतलेल्या, परंतु एक सलग परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहिताना अडखळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका महाराष्ट्रातल्या प्रत्येक मराठी अध्यापकाने तपासलेल्या आहेत. 'मराठी काय, ती येतेच' ही समजूत समाजात आहेच. प्रवेशाच्या नियमांनी तिला सरकारी शिक्का दिला आहे.

पदवीने विषय सिद्ध होतो, या म्हणण्यात आणखी एक अडचण आहे. पदवी म्हणजे नेमके किती शिक्षण, हे एकसारखे नसते. मुंबई विद्यापीठात वर्षानुवर्षे तृतीय वर्ष कला शाखेत सहा अभ्यासपत्रिका असत. त्या सहाही एका विषयाच्या घेता येत, किंवा तीन एका विषयाच्या आणि तीन दुसऱ्याच्या. ज्याने सहाही मराठीच्या घेतल्या, त्याचे साहित्यशास्त्र, भाषाविज्ञान, मध्ययुगीन वाङ्मय असे सगळे वाचन झाले. ज्याने तीन घेतल्या, त्याचे निम्मे झाले. ज्याने पहिल्या वर्षी मराठीची एक अभ्यासपत्रिका घेऊन नंतर समाजशास्त्राची वाट धरली, त्याचे मराठी तेथेच थांबले. आता नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मेजर, मायनर, मुक्त ऐच्छिक असे नवे कप्पे आले आहेत. प्रथम वर्षाची सतरा-अठरा वर्षांची मुलगी मायनर विषय निवडते, तेव्हा तिच्यापुढे वेळापत्रक असते, मैत्रिणी असतात, आणि 'यात मार्क मिळतात' अशी कानावर आलेली माहिती असते. पुढे बी.एड.ला दुसरी अध्यापन पद्धती कोणती, हा प्रश्न त्या निवडीशी येऊन भिडणार आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ते सांगण्याचे काम आमचे आहे आणि त्याविषयी पुढे लिहिणार आहोत.

अध्यापन पद्धती, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत मेथड, हा बी.एड.चा कणा. कोठे दोन पद्धती घ्याव्या लागतात, कोठे एका शालेय विषयाच्या जोडीला वेगळा ऐच्छिक विषय असतो. तत्त्व मात्र सर्वत्र सारखेच आहे : जो विषय पदवीला अभ्यासला, तोच शालेय विषय अध्यापनासाठी घ्यावा. तत्त्व निर्दोष आहे. पण शाळेचे विषय आणि महाविद्यालयाचे विषय यांचा सांधा जागोजागी निखळलेला आहे. मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र यांचे पदवीधर प्रवेशाला पात्र आहेत. हे विषय दहावीपर्यंतच्या वेळापत्रकात नाहीत. वाणिज्य शाखेचा पदवीधर पात्र आहे. वाणिज्यही तेथे नाही. मग अशा उमेदवाराला कोणती तरी पद्धती शोधून द्यावी लागते. अशा वेळी भाषा कामी येते, कारण भाषा प्रत्येकाने कधी ना कधी एका तरी वर्षासाठी घेतलेली असते. विज्ञानाची पद्धती कोणी अशी सहजासहजी देत नाही, गणिताची तर नाहीच. मराठीची मात्र देता येते.

याची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. आमच्याकडून एम.ए. झालेल्या एका विद्यार्थिनीला एका अध्यापक महाविद्यालयात मराठीची पद्धती मिळाली नाही. मराठी घेणारे पुरेसे विद्यार्थी नसल्याने तो गट चालवता येणार नाही, असे तिला सांगण्यात आले. पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत तिने इतिहास घेतला होता, म्हणून तिने इतिहासाचे पाठ घेतले. त्याच सुमारास दुसऱ्या एका ठिकाणी, पदवीला मराठीशी जेमतेम ओळख असलेला एक विद्यार्थी मराठीचे सराव पाठ घेत होता आणि पाठाच्या टाचणासाठी त्याच विद्यार्थिनीला दूरध्वनी करत होता. या महाविद्यालयांची नावे सांगण्यात स्वारस्य नाही, कारण त्यांनी नियम मोडला असे आम्हांला वाटत नाही. पन्नासच्या एककात प्रवेश घ्यायचे, उपलब्ध प्राध्यापकांत गट बसवायचे, आणि प्राध्यापकांच्या पदांची गणना करताना नियमावलीने भाषा हा सगळा एकच गट मानलेला, अशा चौकटीत प्राचार्य तरी काय करणार? मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती, उर्दू यांची अध्यापन पद्धती एकाच व्यक्तीने सांभाळावी, अशी वेळ येते. भाषा म्हणजे भाषा, ती कोणतीही असो, असा यामागचा हिशेब.

हे पूर्वापार असेच चालत आले आहे का? इतिहास वेगळे सांगतो. मुंबईत १८४० नंतरच्या दशकात शिक्षक घडवण्यासाठी नॉर्मल स्कूल निघाले, तेव्हा त्याची सूत्रे बाळशास्त्री जांभेकरांकडे होती. 'दर्पण'कार बाळशास्त्री हे गणित, ज्योतिष, भाषा यांत सारखेच मुरलेले विद्वान. त्यांच्यानंतर ती जबाबदारी दादोबा पांडुरंग तर्खडकरांकडे आली. दादोबांचे मराठीचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झालेले होते. ज्याने भाषेचे व्याकरण रचले, त्याच्याच हाती भाषेचे शिक्षक घडवण्याचे काम द्यावे, हे त्या काळच्या लोकांना वेगळे समजावून सांगावे लागले नसावे. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा, वेतनाचा आणि ते कोणत्या समाजातून यावेत याचा प्रश्न उपस्थित केला. शिक्षक कोण होऊ शकतो, हा प्रश्न तेव्हाही केवळ टक्केवारीचा नव्हता. १९०६ साली मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. ही संस्था आजही चालू आहे. २०१९ पासून ती डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा घटक आहे.

आचार्य अत्र्यांचे उदाहरण तर या बाबतीत फारच बोलके आहे. विनोदकार, नाटककार, पत्रकार अत्रे सर्वांना ठाऊक असतात. लंडनला जाऊन १९२८ मध्ये अध्यापनशास्त्राची पदविका घेऊन आलेले शिक्षक अत्रे सहसा आठवत नाहीत. 'नवयुग वाचनमाला' सिद्ध करणारे अत्रे आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बहिणाबाईंची गाणी' या संग्रहाला प्रस्तावना लिहिणारे अत्रे ही एकच व्यक्ती होती. खानदेशातील एका निरक्षर शेतकरी स्त्रीच्या बोलीतील रचना समोर आल्यावर तिची थोरवी ओळखण्यासाठी वाङ्मयाची जाण लागते. ती थोरवी शाळेतल्या मुलापर्यंत कशी न्यावी, यासाठी अध्यापनाची जाण लागते. दोन्ही एका माणसात असू शकतात, आणि भाषेच्या शिक्षकात त्या असाव्यात, हे सांगण्यासाठी याहून वेगळा दाखला नको.

आजच्या बी.एड.मध्ये अध्यापनाची जाण देण्याची खटपट होत नाही, असे आमचे म्हणणे नाही. सूक्ष्म अध्यापनात सज्जता प्रवर्तन, प्रश्नकौशल्य, चेतक बदल, प्रबलन अशी एकेक कौशल्ये सुटी करून घोटवली जातात, आणि त्यांचा नव्या शिक्षकाला उपयोग होतो. दोन वर्षांत मिळून किमान वीस आठवडे शाळेत काढण्याची अट नियमावलीत आहे. ती योग्यच आहे. २०१४ च्या आराखड्यात 'पाठ्याचे वाचन आणि चिंतन', तसेच 'सर्व विषयांतून भाषा' अशा आशयाचे घटक आले, ही तर साहित्याच्या माणसाला आनंद वाटावा अशी गोष्ट. पण कौशल्य कशावर चालवायचे? बहिणाबाईंची कविता शिकवताना छात्राध्यापक फळ्यावर दोन रकाने आखतो. एकात बोलीतील शब्द, दुसऱ्यात 'शुद्ध' मराठी शब्द. फलकलेखन सुवाच्य असते, विद्यार्थ्यांचा सहभागही असतो, निरीक्षक चांगला शेरा देतो. तास संपतो तेव्हा मुलांच्या मनात एकच गोष्ट ठसलेली असते, की ही कविता चुकीच्या मराठीत लिहिलेली आहे आणि सरांनी ती दुरुस्त केली. बोली आणि प्रमाणभाषा यांचे नाते भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत ज्याने शिकलेले नाही, त्याला आपण काय केले हे कळणारही नाही. आशययुक्त अध्यापन ही संज्ञा आपल्याकडील बी.एड.च्या अभ्यासक्रमांत बऱ्याच वर्षांपासून वापरात आहे. आशय उमेदवाराने येतानाच बरोबर आणलेला आहे, असे मात्र ती गृहीत धरते.

मालाडसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिकच जाणवतो. कुरारमध्ये कोकणातून आलेली कुटुंबे आहेत, घाटावरची आहेत, मराठवाड्यातलीही आहेत. मढच्या कोळ्यांची बोली वेगळी. ऑर्लेम-खारोडी-मार्वे या पट्ट्यातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची बोली ही उत्तर कोकणातील मराठीचेच एक जुने रूप. त्या घरातले मूल इंग्रजी शाळेत जाऊन मराठीच्या तासाला 'मला मराठी येत नाही' असे सांगते आणि शिक्षकही ते खरे मानतो. त्याची आजी घरात जे बोलते ती मराठीच आहे, हे त्या मुलाला सांगू शकणारा शिक्षक हवा. अशा एका वाक्याने मुलाचे भाषेशी असलेले नाते बदलू शकते. हे वाक्य कोणत्याही कौशल्य-तक्त्यात नाही. ते विषयाच्या ज्ञानातून येते.

दुसरी बाजू इंग्रजी माध्यमाच्या आणि केंद्रीय मंडळांच्या शाळांची. महाराष्ट्रातील शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा कायदा २०२० मध्ये झाला आणि त्या शैक्षणिक वर्षापासून तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. पहिली ते दहावी, मंडळ कोणतेही असो, मराठी शिकवली गेली पाहिजे. ही मागणी जुनी होती आणि मराठी प्रेमींनी तिचे स्वागत केले. आमच्या परिसरातच पाहायचे, तर लिंक रोडच्या आणि महामार्गाच्या दोन्ही अंगांना अशा शाळा आहेत. तेथील वर्गात गुजराती, मारवाडी, हिंदी, तमिळ, मल्याळम बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. त्यांना मराठी ही मातृभाषा म्हणून शिकवता येत नाही. ती द्वितीय किंवा तृतीय भाषा म्हणून, नव्याने, ऐकण्या-बोलण्यापासून शिकवावी लागते. ही वेगळी विद्या आहे. बालभारतीने हा भेद कधीच ओळखला आहे. नववी-दहावीला प्रथम भाषेसाठी 'कुमारभारती' आणि द्वितीय-तृतीय भाषेसाठी 'अक्षरभारती' अशी पुस्तके वेगळी आहेत. बी.एड.ची मराठी अध्यापन पद्धती मात्र बव्हंशी मातृभाषेचे अध्यापन समोर ठेवून चालते. कायदा झाला, पुस्तके आहेत, तासिकाही आहेत. पण परभाषिक मुलाला मराठी कशी शिकवावी याची तालीम घेतलेला शिक्षक कोठून येणार, हा विचार कायद्याबरोबर झाला नाही. इतर मंडळांच्या शाळांतील काही तुकड्यांपुरती मराठीचे मूल्यमापन गुणांऐवजी श्रेणीने करण्याची सवलत २०२३ मध्ये शासनाने दिली, तेव्हा त्यावर टीका झाली आणि ती रास्तही होती. पण तेथे शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हाती आपण काय दिले होते, हे त्या टीकेत क्वचितच आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हाही समारंभ पुष्कळ झाले. भाषेच्या शिक्षकाच्या तयारीची चर्चा आमच्या तरी कानावर आली नाही.

कोणी म्हणेल, की प्रवेशाच्या वेळी नसेना का, पुढे तर परीक्षा आहेतच. त्याही पाहू. शिक्षणहक्क कायद्यानंतर, २०१० च्या अधिसूचनेने, पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा आली. महाराष्ट्रात ती २०१३ पासून होऊ लागली. तीत भाषेला गुण आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये बी.एड.धारक पहिली ते पाचवीसाठी पात्र नाहीत असा निर्णय दिला, आणि १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सेवेत असलेल्या शिक्षकांवरही, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला असेल तर, ही परीक्षा बंधनकारक केली. म्हणजे बी.एड.धारकाचे खरे क्षेत्र सहावीपासून पुढचे. त्यात सहावी ते आठवीपर्यंत पात्रता परीक्षा आहे, नववी-दहावीसाठी नाही. शिक्षक भरतीसाठी २०१७ पासून जी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी घेतली जाते, तिचे गुण दोनशे : १२० अभियोग्यतेला, ८० बुद्धिमत्तेला. भाषिक क्षमतेचे काही प्रश्न तीत असतात, पण ते गणिताच्या आणि मराठीच्या उमेदवाराला सारखेच. नववी-दहावीला, म्हणजे मूल पहिल्यांदा साहित्याला साहित्य म्हणून भिडण्याच्या वयात येते तेव्हा, त्याला मराठी शिकवणाऱ्याची मराठी पदवीनंतर कोणीही पाहिलेली नसते.

याच्या उलट टोकाला आम्ही उभे आहोत. वरिष्ठ महाविद्यालयात शिकवण्यासाठी आमचा विषय कसून पाहिला गेला. अध्यापनाची पदवी आमच्याकडे कोणी मागितली नाही. शाळेच्या शिक्षकाकडे पद्धती मागतात, आशय मागत नाहीत. महाविद्यालयाच्या शिक्षकाकडे आशय मागतात, पद्धती मागत नाहीत. त्यामुळे मराठी विभाग आणि अध्यापक महाविद्यालये यांचा एकमेकांशी फारसा संबंधच येत नाही. एकाच गावात, कधी एकाच संस्थेच्या आवारात असूनही ते एकमेकांच्या अभ्यासमंडळावर नसतात. नुकसान दोघांचेही होते, आणि ते शेवटी वर्गातल्या मुलाला सोसावे लागते.

मग काय करावे? आमच्या सूचना चारच आहेत.

पहिली, मराठी अध्यापन पद्धती घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी मराठीचीही एक आशय चाचणी असावी. ती बहुपर्यायी नसावी. एक अपरिचित उतारा, एक अपरिचित कविता, आणि प्रत्येकीवर स्वतःच्या शब्दांत लिहिलेला एकेक परिच्छेद, एवढे पुरे. यावर आक्षेप येईल, की ग्रामीण आणि वंचित घरांतील मुलांना आणखी एक अडसर कशाला? हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, कारण आमचीच मुले त्यात येतात. म्हणून ही चाचणी प्रवेश रोखण्यासाठी नसावी. जो कमी पडेल, त्याला प्रवेश मिळावा आणि पहिल्या सत्रात आशयाचा एक पूरक अभ्यासक्रम करावा लागावा. खरे तर विषय येणाऱ्या गरीब मुलीला अशा चाचणीने न्यायच मिळेल. बुद्धिमापनाच्या कोड्यांसाठी शिकवणीचे पैसे भरू शकणाऱ्यांपुढे ती आज मागे पडते. विषयाची परीक्षा घेणे अशक्य आहे, असेही नाही. चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक प्रशिक्षणासाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेत भाषा आणि विषय यांचे स्वतंत्र विभाग आहेत. बारावीच्या मुलाला जे विचारता येते, ते पदवीधराला विचारता येऊ नये?

दुसरी सूचना, ज्याची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी मराठीची आहे, त्याला मराठीची पद्धती मागितल्यास नाकारता येऊ नये. एका महाविद्यालयात पुरेसे विद्यार्थी नसतील, तर जवळच्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून तो गट चालवावा. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत लोकलने अर्धा तास लागतो. आठवड्यातून दोन दिवस एकत्र वर्ग घेणे अवघड नाही.

तिसरी, मराठी अध्यापन पद्धतीत प्रथम भाषा आणि द्वितीय-तृतीय भाषा असे दोन स्पष्ट भाग असावेत, आणि वीस आठवड्यांच्या शालेय अनुभवातील काही आठवडे अमराठी वर्गात काढणे आवश्यक असावे.

चौथी सूचना आमच्यासारख्यांसाठीच आहे. पूरक अभ्यासक्रम शिकवायला कोणी हवे, तर ते जवळच्या मराठी विभागाने करावे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मायनर निवडण्यापूर्वी शालेय विषयांची यादी समोर ठेवून अर्धा तास समजावून सांगावे. पदवीच्या नव्या रचनेत कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रमांना जागा आहे. तेथे 'मराठीचे अध्यापन' हा विषय ठेवता येईल. सूत्रसंचालन, जाहिरातलेखन, मुद्रितशोधन हे सारे अभ्यासक्रम आम्ही मोठ्या उत्साहाने आखले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी जो मोठा भाग शिक्षक होऊ पाहतो, त्याच्यासाठी एकही आखू नये, याला काही कारण देता येत नाही.

हा विषय आत्ताच मांडण्याला निमित्त आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता ठरवली आहे. एनसीटीईने २०२५ मध्ये नव्या नियमावलीचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एका वर्षाच्या बी.एड.ची तरतूद सुचवलेली आहे. दोन वर्षांचे एक वर्ष होणार असेल, तर आशय शिकवायला तेथे वेळच उरणार नाही. तो पदवीनेच दिला असे मानले जाईल, आणि दारावर कोणी तो पाहणार नसेल, तर आज आहे ती फट रुंद होईल. दोन वर्षांचे बी.एड. ज्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाच्या २०१२ च्या अहवालातून आले, त्या आयोगाची नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेच्या वादातूनच केली होती, आणि प्रवेशपूर्व चाचणी अधिक काटेकोर व्हावी, असे त्या अहवालाने सुचवले होते. कालावधीची शिफारस अमलात आली; ही दुसरी शिफारस आपल्या सीईटीत बौद्धिक क्षमतेच्या चाळीस गुणांपाशी अडली.

नियम बदलतात तेव्हा ते कोणी तरी लिहीत असते, आणि लिहिणाऱ्यांसमोर ज्यांचे म्हणणे पोचते त्यांचाच विचार होतो. विज्ञान आणि गणित यांच्या शिक्षक संघटना आपले म्हणणे मांडतात. मराठीच्या अध्यापकांनी, विद्यार्थ्यांनी आणि अभ्यासमंडळांच्या सदस्यांनीही ते मांडावे. सीईटी कक्षाकडे, विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विद्याशाखेकडे आणि आपापल्या अभ्यासमंडळाकडे एक साधे निवेदन पाठवायला फार कष्ट नाहीत. आमच्या विभागाने आपला मसुदा तयार केला आहे. इतर महाविद्यालयांतील सहकाऱ्यांनी तो मागवून घ्यावा, आपल्या अनुभवाप्रमाणे त्यात भर घालावी, आणि पुढची प्रवेश-अधिसूचना निघण्यापूर्वी आपल्या सहीने रवाना करावा.